मिनिटाला बारा

दोन चमच्यांच्या मध्ये गोळी धरून दाबली की आधी काहीच होत नाही. मग एकदम कट्ट असा आवाज येतो आणि ती फुटते. त्या सकाळी नणंदेच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता होती, की तो आवाज मला कुणी दार आपटल्यासारखा वाटला.

"रिबेका? उठलीस होय गं?" आतल्या खोलीतून विनयाताईंनी विचारलं.

"हो ताई. चहा ठेवतेय."

"साखर वरच्या फळीवर बघ. निळ्या डब्यात."

"मिळाली."

साखर मिळाली होती, हे खरंच होतं. वाटीत एक चमचा साखर आणि तिच्यावर ती पांढरी भुकटी. मी करंगळीने सगळं एकत्र केलं. मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीला, तबिताला, ती गोळी अर्धी लिहून दिली होती. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. मी दीड चुरली होती. अकरा वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला अर्धी आणि दीड यांतला फरक कळला नसेल, असं कुणी म्हणू नये. मला चांगला कळत होता.

तबिता तेव्हा सात वर्षांची होती. दोन महिने आधी जन्मली, काचेच्या पेटीत एकवीस दिवस राहिली, आणि तिथून बाहेर आली ती डाव्या अंगाचा ताठरपणा घेऊनच. हात बराचसा सुधारला. पाय राहिला. डावी टाच जमिनीला टेकत नसे. चालताना तो पाय जरासा आत वळून, अर्धगोल काढून पुढे यायचा. स्नायू सैल राहावेत म्हणून ती गोळी, आणि पाय सरळ राहावा म्हणून गुडघ्याखाली प्लॅस्टिकचा पट्टा. बाकी पोरगी ठणठणीत. तोंडाला तर कुलूपच नाही. चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की मोठ्याने विचारायची, "आई, आमेन कधी?"

मला परदेशातल्या एका हॉस्पिटलने ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून निवडलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही. असे नियम असलेला तो काही एकटाच देश नाही. नोकरी माझी होती, पण वैद्यकीय तपासणी तिघांची होती. मी, माझा नवरा संदेश आणि तबिता. घरातलं एक जरी माणूस पुढे तिथल्या दवाखान्यांना जड जाईल असं वाटलं, तर नकार त्या एकट्याला नाही, सगळ्या घराला.

आणि आम्ही जात होतो तेच मुळी तिच्या पायासाठी. मिरजेत तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या होत्या, "रोज दोन जिने कशाला चढवता तिला? खाली लायब्ररीत बसवू. चित्रं बघेल." वर्षभर तिने चित्रं बघितली. तिथे म्हणे प्रत्येक शाळेला जिन्याशेजारी उतार असतो, आठवड्यातून तीनदा व्यायाम शिकवणारी बाई शाळेतच येते. हे मी रात्री रात्री फोनवर बघत बसायचे. ज्या पायासाठी जायचं, तोच पाय दारात आडवा आला होता.

आमचा एजंट होता ढवळे. त्याच्याकडे मी पहिल्यांदा गेले आणि तोंड उघडलं, तसा त्याने हात वर केला.

"मॅडम, मुलीचं काय असेल ते मला सांगूच नका. मी ऐकलेलं नाही. फॉर्मवर विचारलंय, शारीरिक व्यंग आहे का. मी लिहितो, नाही. बरोबर?"

"पण ती चालायला लागली की दिसतंच की."

"किती चालायचंय हो तिथं? खुर्चीपासून दारापर्यंत. दहा पावलं." तो हसला. "तुम्ही सिस्टर आहात. दहा पावलं करून घ्या."

मग मी करून घेतली. तीन महिने. ड्यूटीवरून आले की आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, फरशीच्या रेघेवरून. आधी टाच, मग बोटं. टाच, बोटं. संडे स्कूलमध्ये मुलांना दर रविवारी बायबलमधलं एक वचन पाठ करायला देतात. तिचं एक आवडतं वचन होतं, मी ते दहा तुकड्यांत तोडलं आणि प्रत्येक तुकड्याला एक पाऊल बांधलं. वचन संपलं की दार आलं. पट्ट्याचे वळ पोटरीवर दिसू नयेत म्हणून महिनाभर आधी पट्टा काढला. बुटांच्या झिजेवरून जाणत्या डॉक्टरला चाल ओळखता येते, म्हणून नवे बूट घेतले. नव्या बुटांनी टाच सोलली, तेव्हा तिने भोकाड पसरलं.

"दुखलं तर काय करायचं, सांगितलंय ना?" मी विचारलं.

तिने नाक ओढलं आणि रडता रडता हसली. हेही मीच शिकवलं होतं. दुखलं की हसायचं.

संदेश दारातून बघायचा. त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं, हातात कायम काहीतरी पाना किंवा पकड. "माझंच अवघड आहे बघ," तो म्हणायचा. "तिथं बारा महिने थंडी. एसीवाल्याला कोण विचारणार? तुम्ही दोघी कमवा, मी घरात बसून भाकऱ्या थापतो."

"तुमच्या भाकरीला कडा नसतात, पप्पा," तबिता म्हणायची.

"तिथल्यांना कुठं माहितीये भाकरीला कडा असतात ते?"

त्याला गोळीचं माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. कारण एक गोष्ट कितीही सराव केला तरी जमणार नव्हती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. तपासताना डॉक्टर गुडघ्याच्या खाली रबरी हातोडी मारतात. कुणाचाही पाय जरासा हलतो. तबिताचा डावा पाय मात्र ताडकन उडायचा. ते तिच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. ते त्या गोळीच्या हातात होतं.

"तबू, ये. साखर."

"रिकाम्या पोटी?"

"आज लाड."

तिने वाटी चाटूनपुसून साफ केली. "कडू आहे जरा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.

*

तपासणीचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टच्या आरशात मी तिला बघत होते. डोळे टवटवीत, बडबड चालू. मनात म्हटलं, गोळी चढलीच नाही की काय. आणि त्या विचाराने मला वाईट वाटलं, हे मला आज लिहायला जड जातंय.

हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती, पण आवाज नव्हता. दवाखान्यात माणसं कण्हतात, कुरकुरतात, शेजारच्याला आपलं दुखणं सांगतात. इथे सगळे निरोगी दिसायला आले होते. ताठ बसलेले, भांग पाडलेले. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा मुलगा.

"आई, खोकायचं नाही म्हटलं ना."

"अरे, पण आला तर?"

"गिळ."

म्हातारीने पदर तोंडाशी धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आला नाही. तबिता तिच्याकडे टक लावून बघत होती. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, या आजींनाही वचन दिलंय का कुणी?"

आमचा नंबर यायला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात तिची बडबड हळूहळू कमी झाली. आधी वाक्यं लहान झाली. मग ती माझ्या दंडाला टेकली.

"दमली वाटतं," संदेश म्हणाला.

"हं."

"रिबू, तुझा हात गार पडलाय."

"एसी आहे ना."

"एसीचं मला सांगतेस होय?" तो म्हणाला, आणि त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात नाव पुकारलं.

डॉक्टर साठीच्या आसपासच्या बाई होत्या. चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं चटपटीत.

"नाव काय तुझं?"

"तबिता संदेश रणपिसे."

"बापरे, अख्खं? कितवीत?"

"दुसरीत. तुकडी ब."

"आज शाळेला बुट्टी मारलीस मग?"

"हो. कारण परीक्षा इथं आहे."

बाई हसल्या. "कसली गं परीक्षा?"

"तब्येतीची म्हणतेय ती," संदेश घाईने म्हणाला.

वजन झालं, उंची झाली, भिंतीवरची अक्षरं वाचून झाली. शेवटच्या ओळीला तिचे डोळे मिटायला लागले.

"झोप आलीये का हिला?"

"पहाटेच्या गाडीने आलो मिरजेहून," मी म्हटलं.

"नाही आई," तबिता म्हणाली. शब्द जरा लांबत होते, पण अगदी स्पष्ट. "आपण काल आलो ना. आत्याकडे. मला आठलाच झोपवलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आत्याकडे कुठली झोप हो डॉक्टर?" संदेशने सावरून घेतलं. "आमची ताई बोलायला लागली की अलार्मसुद्धा गप्प बसतो."

त्यांनी तबिताला टेबलावर बसवलं, पाय खाली सोडले. हातोडी घेतली. उजव्या गुडघ्याखाली टक्. पाय हलला. मग त्या डाव्या बाजूला सरकल्या. मी माझ्याच नखांनी तळहात धरून ठेवला होता.

टक्.

डावा पाय हलला. फक्त हलला. उजव्याइतकाच, किंबहुना जरा सुस्तच. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

"उतर आता. दारापर्यंत जा, दाराला हात लाव आणि परत ये."

परत ये. परतीचा सराव आम्ही केलाच नव्हता. ढवळेने दारापर्यंत सांगितलं होतं. तीन महिन्यांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही, की माणूस दारापर्यंत गेल्यावर वळून येतो. तबिता तर वळतानाच सगळ्यात जास्त झोकांडायची.

तिने पहिलं पाऊल टाकलं. ओठ हलायला लागले. टाच, बोटं. आणि मी बघतच राहिले. रोज ती डावी टाच जिद्दीने, दात खाऊन खाली दाबायची, तेव्हा कुठे ती कशीबशी टेकायची. आज टाच आपणहून खाली आली. हलकेच. जशी कुठल्याही मुलीची येते तशी. माझी मुलगी अशी चालली असती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सहा पावलं. सात. मी काय करून बसले आहे, हे त्या क्षणी मी विसरले, इतकं ते सुंदर होतं.

दाराशी ती थांबली. हात लावला. वळताना तोल गेला, पण तिने दाराची मूठ पकडली आणि तिथेच क्षणभर उभी राहिली, जणू काही विचार करतेय. मग ओठ पुन्हा हलले. वचन तिने पहिल्यापासून सुरू केलं होतं. तिचं तिनेच ठरवलं.

"ओठ हलतायत. काय म्हणतेस गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वचन. संडे स्कूलचं."

"अरे वा. मोठं आहे?"

"नाही. दहा पावलांचंच आहे."

डॉक्टरांच्या हातातलं पेन कागदावर टेकलं होतं आणि हलत नव्हतं. त्यांनी तबिताकडे बघितलं, मग तिच्या कोऱ्या बुटांकडे, मग माझ्याकडे.

"तुम्ही सिस्टर आहात ना?"

"हो."

"कुठे? वॉर्डला?"

"थिएटरला. अकरा वर्षं."

"मग तुम्हाला मी काय सांगायचं." पेन हलायला लागलं. "हिला झोपू द्या. पण एकटी सोडू नका. लक्ष ठेवून बसा."

त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

*

मुलीचं झालं होतं. आमचे एक्स-रे आणि रक्त राहिलं होतं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "तिघांचं पूर्ण झालं की मी पाठवते. एकदा गेलं की मग त्यात काही बदल होत नाही हां." संदेश एक्स-रेच्या रांगेत उभा राहिला. मी बाकावर बसले, तबिताचं डोकं मांडीवर घेतलं.

पोर झोपली की जड होते, हे प्रत्येक आईला माहीत असतं. पण हे जडपण वेगळं होतं. हात उचलून सोडला की तो पडायचा. असे हात मी थिएटरमध्ये रोज बघते. तिथे उशाशी भुलीचे डॉक्टर असतात, यंत्र असतं, यंत्र ओरडतं. इथे मी होते आणि माझं मनगटी घड्याळ.

ती गोळी जास्त झाली की श्वासही मंदावतो. मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि श्वास मोजायला लागले. मिनिटाला सोळा. या वयाचं मूल झोपेत अठरा-वीस घेतं. सोळा म्हणजे कमी, पण ठीक.

पाच मिनिटांनी चौदा.

डॉक्टरांचं दार समोर होतं. आत ऑक्सिजन असणार, सगळंच असणार. उठून दार वाजवायचं आणि म्हणायचं, मी हिला तिप्पट गोळी दिली आहे. एवढंच वाक्य. त्याच्यापुढे नोकरी नाही, शाळेचा उतार नाही, आठवड्यातून तीनदा येणारी बाई नाही. कदाचित माझं नर्सिंगही नाही. पुन्हा मिरज, पुन्हा लायब्ररीतली चित्रं.

मी मनाशी ठरवलं, बारा. बाराच्या खाली गेलं की उठायचं. असा आकडा आम्ही रुग्णासाठी ठरवतो. कागदावर लिहून ठेवतो, म्हणजे माणसाला मोह होत नाही. मी कागदावर लिहिला नाही.

तेरा.

समोरची म्हातारी आत गेली होती. तिचा मुलगा एकटाच बसला होता, बोटं मोडत. माझ्याकडे बघून म्हणाला, "छान झोपलीय हो. लहानपण बरं असतं."

मी हसले.

बारा.

बारा म्हणजे बाराच्या खाली नव्हे. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ गार होतं, ओठांचा रंग ठीक होता. मी स्वतःला तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारत होते, नखं? गुलाबी. नाडी? सावकाश, पण भरलेली.

अकरा.

मी अकरा मोजले. नीट मोजले. आणि मग म्हटलं, चुकलं असेल. मधे तो माणूस बोलला ना. पुन्हा मोजू. एक अख्खं मिनिट पुन्हा मोजलं. मुलीच्या छातीवर हात ठेवून, घड्याळावर नजर ठेवून, समोरच्या दाराकडे न बघता. दुसऱ्यांदाही अकराच आले. मी उठले नाही. ठरवलं, दहा.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संदेशला गोळीचं पुढे कधीतरी कळलं. या दोन मिनिटांचं नाही.

"रिबेका रणपिसे! एक्स-रे!"

"आले! एकच मिनिट!"

बेशुद्ध माणूस किती खोल गेलाय ते बघायचं असेल, तर आम्ही मुठीची हाडं त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासतो. भयंकर दुखतं ते. मोठाली माणसं शिव्या देत जागी होतात. मी मूठ वळली आणि माझ्या मुलीच्या छातीवर घासली. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा, जोर लावून.

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. डोळे अर्धे उघडले. मला ओळखलं. आणि ती हसली.

"नाही दुखलं," ती म्हणाली. "अजिबात नाही."

डोळे पुन्हा मिटले. पण तिने एक मोठा, लांब श्वास घेतला, मग दुसरा. मी मोजले. चौदा. पुन्हा मोजले. पंधरा.

संदेश रांगेतून परत आला होता, शर्टाची बटणं लावत. "दे इकडं तिला. जा तू, बाई ओरडतेय."

"हिला आडवी नको धरूस. उभी धर, खांद्यावर. आणि बोलत राहा तिच्याशी."

"झोपलेल्या माणसाशी काय बोलू?"

"काहीही. भाकरीचं बोल."

एक्स-रेच्या खोलीत मी थंड पाटीला छाती लावून उभी राहिले. काचेपलीकडून तो तंत्रज्ञ कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "श्वास धरा." मी धरला. बराच वेळ काही झालं नाही असं वाटलं. मग तो म्हणाला, "सोडा आता, मॅडम. झालं कधीच."

आजही ती झोपली की मी तिच्या दारात एक मिनिट उभी राहते. तिला आवडत नाही. "आई, काय बघतेस?" म्हणते. काही नाही, म्हणते मी.

*

ताईंच्या घरी आल्यावर ती दुपारी चारपर्यंत झोपली. मी हलले नाही. विनयाताई दोनदा डोकावून गेल्या.

"ताप नाही ना गं? पोरीचा चेहरा कसा उतरलाय बघ."

"दमलीये ताई."

"काय एवढं करायला लावलं तिथं?"

"चालायला लावलं."

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना काहीतरी वाटलं असणार. पण त्या संदेशच्या थोरल्या बहीण, भावाचं भलं होत असताना जास्त खोदायचं नाही, एवढी समज त्यांना होती. "भजी करते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सव्वाचारला तबिता उठली. पाणी मागितलं, मग अजून पाणी, मग विचारलं, "मी पास का?" मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "आई, बटण टोचतंय!" ते ओरडणं ऐकून मी तिथेच जमिनीवर बसले.

पाचला ढवळेचा फोन आला. संदेशने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. ताई भज्यांचं ताट घेऊन उभ्या. तबिता त्याच्या शेजारी खुर्चीवर, हातात भजं.

"अभिनंदन, सर! तिघांचं क्लिअर दिसतंय. मुलीच्या नावापुढं सगळं नॉर्मल. मॅडमना सांगा, मानलं तुम्हाला."

"यस!" संदेशने टेबलावर थाप मारली. तबिताला खुर्चीसकट फिरवलं. "ढवळे सर, तुमच्या तोंडात साखर! तिथं पोचलो की पहिलं काम सांगू का? हिच्या पायाचा मोठ्यातला मोठा डॉक्टर गाठायचा."



"सर, कुठला पाय?"

"अहो, हिचा. डावा."

"तेच म्हणतोय मी. कुठला पाय? कागदावर पाय चांगला आहे." ढवळेचा आवाज गोडच होता. "तिथं जाऊन तुम्ही डॉक्टरला पाय दाखवला, की तो विचारणार, कधीपासून? जन्मापासून, म्हणालात की जुनी फाईल उघडणार. मग फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून सगळ्यांना परत. मॅडमचं लायसन्ससुद्धा जाईल. नॉर्मल लिहिलंय ना, मग नॉर्मलच ठेवायचं. शाळेतसुद्धा."

"पण पायासाठीच तर चाललोय आम्ही," संदेश म्हणाला. चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, विसरून राहिल्यासारखं.

"ते तुमचं कारण झालं, सर. त्यांचं कारण सिस्टर पाहिजे, एवढंच आहे."

"किती दिवस पण?"

"ते मी कसं सांगू? काही लोक कायमचे गप्प बसतात. बसतातच की. चला, व्हिसा आला की पेढे पाहिजेत हां."

फोन बंद झाला. ताईंनी ताट हळूच टेबलावर ठेवलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. संदेश माझ्याकडे वळला. मला वाटलं, तो माझ्यावर ओरडेल तर बरं.

तबिताने हातातलं अर्धं भजं खाली ठेवलं. फ्रॉकला बोटं पुसली. खुर्चीवरून उतरली आणि माझ्याकडे यायला निघाली. गोळी उतरत आली होती. पहिली दोन पावलं तिने टाच टेकवून टाकली, ओठ हलवत. तिसऱ्याला टाच उचलली गेली, पाय आत वळला, अर्धगोल काढून पुढे आला. तिने झटकन पप्पांकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि पटकन हसली.

माझ्यापाशी येऊन तिने दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, तोंड कानाशी आणलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"आई, मग तिकडं मला लंगडायला कधी मिळणार?"